आघाडीची फळी

हॉकीचा सामना पाहून घरी परतणाऱ्या माणसाला काय झाले म्हणून विचारले, तर तो बहुधा दोनच गोष्टी सांगतो. कोण जिंकले ही एक, आणि गोल कोणी केले ही दुसरी. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्रही याहून फारसे अधिक सांगत नाही. चेंडू जाळीत शिरण्यापूर्वी तो कोणाकोणाच्या काठीवरून आला, कोणी धावून प्रतिस्पर्ध्याचा रक्षक आपल्या मागे ओढून नेला, आणि कोणाला स्वतः गोल करता येत असूनही त्याने चेंडू शेजाऱ्याकडे सरकविला, याची नोंद कोठेही होत नाही. वस्तुतः खेळाचे अर्धे मर्म या नोंद न झालेल्या भागातच असते. आघाडीच्या फळीविषयी बोलावयाचे म्हणजे या भागाविषयीच बोलावयाचे. आणि ते ग्वाल्हेरच्या संदर्भात बोलणे अनेक कारणांनी उचित आहे.

फळी हा शब्द मराठीत सुताराच्या कामापासून रणांगणापर्यंत सर्वत्र वावरतो. ‘फळी फोडणे’, ‘फळी धरणे’ हे प्रयोग आपल्या बखरींच्या भाषेतून आजच्या राजकारणापर्यंत सहज चालत आले आहेत. ग्वाल्हेर शहराला तर या शब्दाचा अर्थ इतिहासाने शिकविला. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन या सरदाराला नोकरीस ठेवून कवायती पायदळ उभे केले. या पलटणींना ‘कंपू’ असे नाव पडले, आणि ग्वाल्हेरातील एक वस्ती आजही कंपू याच नावाने ओळखली जाते. १७९० मध्ये मेडत्याच्या लढाईत राठोडांच्या घोडदळाने अपूर्व शौर्य दाखविले, तरीही कवायती पायदळाची फळी त्यांना फोडता आली नाही. स्वार एकेकटा विचार केला तर शिपायापेक्षा कमी नव्हता. किंबहुना तलवारीच्या कौशल्यात तो पुष्कळ वरचढ असेल. परंतु शिपायाच्या उजव्या व डाव्या हाताला काय चालले आहे याची शिपायाला खात्री होती, आणि स्वाराला ती नव्हती. पुढे १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीच्या मैदानावर शिंद्यांच्या पलटणी इंग्रजांशी झुंजल्या, तेव्हा त्यांचे युरोपीय अधिकारी बहुतेक सोडून गेलेले होते. ती लढाई शिंद्यांनी गमावली. पण अधिकारी नसतानाही फळी जागची हलली नाही, आणि शत्रुपक्षाच्या सेनापतीने तिच्या शौर्याची वाखाणणी केली. फळी ही हुकुमाने उभी करता येते, पण टिकते ती परस्परांवरील भरवशाने, हाच याचा अर्थ.

हॉकीच्या खेळातील फळीही काही वेगळी नाही. या खेळात प्रत्येक बाजूला अकरा गडी असतात. जुन्या पद्धतीच्या रचनेत एक गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीचे गडी अशी मांडणी असे. या पाचांना मिळून आघाडीची फळी म्हणत. मध्यभागी सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन बाजूंना इनसाइड राइट व इनसाइड लेफ्ट, आणि मैदानाच्या दोन कडांना राइट आउट व लेफ्ट आउट. मैदान शंभर यार्ड लांब व साठ यार्ड रुंद. म्हणजे साठ यार्डांची रुंदी पाच जणांनी वाटून घ्यावयाची असते. एवढ्या अंतरावर पाच जण सरळ रेषेत धावत राहिले, तर ती फळी होत नाही. ती पाच माणसांची शर्यत होते. फळी केव्हा होते, तर प्रत्येकाला आपल्या दोन्ही शेजाऱ्यांचा वेग, त्यांची सवय आणि पुढच्या क्षणी त्यांच्या मनात येणारा विचार ठाऊक असतो तेव्हा.

या खेळात एक नैसर्गिक अडचण आहे, आणि ती समजल्याशिवाय फळीचे काम नीट समजत नाही. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू तिनेच मारावा लागतो. पाठीची गोल बाजू वापरण्यास मनाई आहे. डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी या खेळात चालत नाही. सर्वांच्या काठ्या एकाच घडणीच्या. त्यामुळे चेंडू उजवीकडून डावीकडे मारणे सोपे, आणि डावीकडून उजवीकडे मारणे अवघड. राइट आउट धावता धावता चेंडू मध्यभागी सहज लोटू शकतो. लेफ्ट आउटला मात्र त्यासाठी आपले पाय चेंडूच्या पलीकडे न्यावे लागतात, अंग वळवावे लागते, किंवा काठी उलटी फिरवावी लागते. या वळण्यात जो निमिषभर वेळ जातो, तेवढ्यात प्रतिस्पर्धी रक्षक येऊन ठेपतो. म्हणून फळीची डावी बाजू ही नेहमीच अधिक कसबाची समजली गेली. त्या बाजूच्या इनसाइड लेफ्टवर तर दुहेरी भार. त्याने कडेच्या गड्याला अडचणीतून सोडवावयाचे, आणि मध्यावरच्या गड्याला योग्य क्षणी चेंडू पोहोचवावयाचा.

भारताच्या ज्या खेळाडूने ही जागा जगात गाजविली, त्याचे नाव ग्वाल्हेरशी कायमचे जोडले गेले आहे. कॅप्टन रूपसिंग यांचा जन्म १९०८ मध्ये जबलपूर येथे झाला. मेजर ध्यानचंद हे त्यांचे थोरले बंधू. रूपसिंगांनी ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत नोकरी केली, आणि १९७७ मध्ये त्यांचा अंत झाला तोही ग्वाल्हेरलाच. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड, आणि त्यांच्या डाव्या हाताला रूपसिंग इनसाइड लेफ्ट. ज्यांनी हा जोड खेळताना पाहिला, त्यांना गायक व तबलजी एकाच क्षणी समेवर येतात त्याची आठवण झाली असल्यास नवल नाही. ग्वाल्हेर गायकीच्या गावात ही उपमा कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

१९३२ ची ऑलिंपिक स्पर्धा अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे भरली. प्रवासाच्या खर्चामुळे हॉकीत त्या वर्षी भारत, जपान व अमेरिका असे तीनच संघ उतरले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. भारताने जपानला ११-१ असे हरविले आणि ११ ऑगस्ट रोजी अमेरिकेला २४-१ असे हरविले. या २४ गोलांपैकी १० एकट्या रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे होते. अमेरिकेचा संघ दुबळा होता हे खरे. तथापि दुबळ्या संघाविरुद्ध खेळताना फळी मोडण्याचाच धोका अधिक असतो. जो तो आपापला गोल शोधू लागतो. भारताच्या फळीने तसे होऊ दिले नाही, म्हणूनच गोलांची संख्या चोविसावर गेली. दोघा भावांचे गोल मोजले जातात. पण त्याच फळीतील इनसाइड राइट गुरमीत सिंग आणि दोन्ही कडांचे गडी यांनी त्यांच्यापर्यंत किती वेळा चेंडू आणून दिला, हे कोणी मोजले नाही.

हे सामने ज्या प्रचंड क्रीडागारात झाले, ते एका अमेरिकन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचेही मैदान आहे, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात किंवा हाताने फेकतात, आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडविण्याची मुभा असते. चढाई करणाऱ्या बाजूला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. या खेळातही चढाईच्या बाजूला पाच गड्यांची एक फळी असते. मध्यावर एक, त्याच्या दोन बाजूंना दोन, आणि त्यांच्या बाहेर आणखी दोन. मध्यावरचा गडी चेंडू आपल्या मागे देतो, आणि त्या क्षणापासून या पाचांचे काम एकच : समोरून येणारा लोंढा आपल्या अंगावर घ्यावयाचा, आणि मागे चेंडू घेऊन उभ्या असलेल्या सोबत्याला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यावयाची. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची या पाचांना नियमानेच साधारणतः मनाई आहे. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे हे धिप्पाड तरुण सबंध हंगाम खेळतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर एकही गुण लागत नाही.

तरीही नवा हंगाम जवळ आला, की तेथील जाणते लोक प्रथम या पाचांविषयी विचारतात. कोण पदवी घेऊन गेला, कोणाचा गुडघा दुखावला आहे, डाव्या टोकाला कोण उभा राहणार, मागच्या वर्षीचे पाचांपैकी किती उरले, हे प्रश्न त्यांना चेंडू फेकणाऱ्या नायकाच्या प्रश्नापेक्षाही महत्त्वाचे वाटतात. कारण उघड आहे. नायक कितीही कुशल असो, फळी एका जागी फुटली तर त्याला आपले कौशल्य दाखविण्यास वेळच मिळत नाही. त्या पाचांतील चौघांनी आपले काम चोख केले आणि एकाने चूक केली, तर चौघांचे काम वाया जाते. हॉकीची फळी गोल करण्यासाठी धावते आणि ही फळी अडविण्यासाठी उभी राहते. दोन खेळ अगदी भिन्न आहेत. पण पाच जणांचे मिळून एक शरीर झाले पाहिजे, ही अट दोन्हीकडे सारखीच आहे.

फळीतील एक दुवा कच्चा राहिला तर काय होते, याचा धडा भारताच्या संघाला १९३६ मध्ये मिळाला. त्या वर्षी ऑलिंपिक स्पर्धा बर्लिनला होत्या आणि ध्यानचंद कर्णधार होते. संघ बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलै रोजी जर्मन संघाशी सरावाचा सामना झाला आणि त्यात भारत ४-१ असा हरला. दोनदा ऑलिंपिक जिंकलेल्या संघाला हा धक्का मोठाच होता. पराभवाची कारणे शोधता शोधता असे दिसून आले, की इनसाइड राइटची जागा भरून निघत नाही. त्यामुळे राइट आउट एकाकी पडतो, आणि सर्व चढाई डाव्या बाजूने करावी लागते. ताबडतोब हिंदुस्थानात तार गेली, आणि अली दारा या खेळाडूस विमानाने बर्लिनला पाठविण्यात आले. त्या काळी खेळाडूसाठी विमान हा केवढा मोठा निर्णय होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. दारा उपांत्य सामन्याच्या वेळी संघात उभे राहिले. फ्रान्सविरुद्ध भारताने दहा गोल केले, आणि १५ ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ असे हरविले. राइट आउट शहाबुद्दीन, इनसाइड राइट दारा, मध्यावर ध्यानचंद, इनसाइड लेफ्ट रूपसिंग आणि लेफ्ट आउट जाफर अशी ती फळी होती.

येथे एक शंका येते. फळी जर दीर्घ सहवासाने घडते, तर ऐन वेळी विमानाने आलेला गडी तिच्यात इतक्या लवकर कसा मिसळला? याचे उत्तर असे, की उरलेल्या फळीचा परस्परांशी मेळ आधीच बसलेला होता, विशेषतः मध्य आणि डावी बाजू पक्की होती. नव्या गड्याला केवळ एक रिकामी जागा भरावयाची होती. सगळी इमारत उभारावयाची नव्हती. पाचही नवे असते तर विमानाचा काही उपयोग झाला नसता. पुढे १९४७ मध्ये फाळणी झाली, आणि एका फळीत खेळलेल्या माणसांच्या मध्ये देशाची सीमा आली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेच दारा पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार होते.

आता ग्वाल्हेरकडे पुन्हा वळू. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्यांच्या नावाने १७ ऑगस्ट १९५७ रोजी भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे मुंबईजवळच्या कांदिवली येथील शारीरिक शिक्षणाच्या संस्थेचे प्राचार्य होते. महाराष्ट्रातील व्यायामशिक्षकांच्या एका पिढीला त्यांचे नाव चांगले परिचित होते. या महाविद्यालयाला १९९५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिवाय २००६ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरला मुलींसाठी हॉकी अकादमी स्थापन केली, आणि तेथे दूरदूरच्या राज्यांतून मुली शिकावयास आल्या. या शहराने पुरुषांच्या राष्ट्रीय संघालाही शिवेंद्र सिंग यांच्यासारखा आघाडीचा खेळाडू दिला. टोकियो व पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने कांस्यपदके मिळविली, तेव्हा तेच शिवेंद्र सिंग प्रशिक्षकवर्गात होते.

तथापि नामवंतांची यादी करणे सोपे असते. अवघड काम महाविद्यालयीन संघाचे असते. क्लब, पोलीस किंवा रेल्वे यांच्या संघात तोच खेळाडू आठ-दहा वर्षे टिकू शकतो. महाविद्यालयात तसे नाही. विद्यार्थी तीन-चार वर्षांसाठी येतो, पहिल्या वर्षी बहुधा राखीव म्हणून बसतो, दुसऱ्या वर्षी त्याला जागा सापडते, तिसऱ्या वर्षी तो खऱ्या अर्थाने फळीचा होतो, आणि मग पदवी घेऊन निघून जातो. म्हणजे फळी तयार होते न होते तोच मोडते. जुलैत महाविद्यालये उघडतात, तेव्हा प्रशिक्षकासमोर पाचांपैकी दोन किंवा तीनच जुने चेहरे असतात. ग्वाल्हेरचा मे-जूनचा कडक उन्हाळा नुकताच सरलेला असतो, पावसाने मैदाने भिजलेली असतात. दसरा-दिवाळी झाली आणि हवेत गारवा आला, की आंतरमहाविद्यालयीन आणि पाठोपाठ आंतरविद्यापीठीय सामने सुरू होतात. मध्ये जेमतेम तीन-चार महिने मिळतात. तेवढ्यात पाच अनोळखी माणसांचे एक मन करावयाचे असते.

ते कसे करतात? चेंडूला जोराने मारण्यापासून हे काम सुरू होत नाही. प्रथम दोघादोघांच्या जोड्या पाडून चालता चालता चेंडू देण्या-घेण्याचा सराव करावा लागतो, नंतर मंद धावत, नंतर पूर्ण वेगाने. मग तिसरा गडी मिळवून त्रिकोण करतात. ज्याच्यापाशी चेंडू आहे त्याला नेहमी निदान दोन वाटा मोकळ्या दिसल्या पाहिजेत, हा त्रिकोणाचा हेतू. मग समोर रक्षक उभे केले जातात. या सर्वांत सर्वांत कठीण धडा चेंडू जवळ नसताना धावण्याचा. साठ-सत्तर मिनिटांच्या खेळात कोणाही एका गड्याजवळ चेंडू असतो तो दोन-तीन मिनिटेच. उरलेला सर्व काळ तो चेंडूवाचून धावत असतो. ही धाव व्यर्थ नसते. लेफ्ट आउट कडेने जीव तोडून धावला म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा रक्षक त्याच्याबरोबर ओढला जातो, मध्यभागी जागा पडते, आणि त्या जागेतून दुसराच कोणी गोल करतो. तरुण मुलाला चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही अशी धाव घ्यावयास शिकविणे, हे शिक्षकाचे खरे काम. हे शिकविण्यास काठी लागत नाही, चारित्र्य लागते.

खेळाच्या नियमांनीही या फळीचे रूप पालटविले आहे. पूर्वी ऑफसाइडचा नियम असे. चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आघाडीच्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्याचे निदान तीन गडी असावे लागत. १९७२ मध्ये ही संख्या दोनवर आली, आणि १९९० च्या दशकात तो नियमच काढून टाकण्यात आला. या नियमामुळे जुन्या फळीला थांबून, मोजून, एकमेकांच्या पायांकडे पाहून पुढे सरकावे लागे. एकाने अर्धे पाऊल घाईने टाकले तर सबंध चढाई फुकट जाई. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून गवताच्या जागी कृत्रिम पृष्ठभाग आला. त्यावर चेंडू उसळत नाही, पण वेगाने पळतो, आणि त्या वेगाबरोबर अंगातील दमाला किंमत आली. त्याच वर्षी भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला आणि ऑलिंपिक पदकांची त्याची अखंड मालिका तुटली. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या आरंभी खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची सवलत मिळाली. आता आघाडीला बहुधा तीनच गडी असतात, त्यांच्या मागे मधल्या फळीतून येणारे गडी असतात, आणि काही मिनिटांनी ते बाहेर जाऊन ताजे गडी आत येतात.

यावरून कोणी म्हणेल, की जुनी पाचांची फळी इतिहासजमा झाली, तेव्हा तिची चर्चा कशाला? पण नीट पाहिले तर गोष्ट उलट आहे. पूर्वी पाच जणांनी परस्परांना ओळखले म्हणजे पुरे होते. आता सात-आठ जण आळीपाळीने आत-बाहेर करतात, आणि त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले तरी मेळ बसला पाहिजे. ओळखीचे धागे कमी झाले नाहीत, वाढले. शिवाय चेंडू गमावल्याबरोबर प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलाजवळ कोंडण्याचे काम आज आघाडीच्या गड्यांनाच करावे लागते. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, तर मधल्या फटीतून चेंडू सुटतो. पेनल्टी कॉर्नरचेही असेच आहे. आजच्या खेळात पुष्कळसे गोल पेनल्टी कॉर्नरवर होतात, आणि नोंद होते ती चेंडू जाळीत फेकणाऱ्याची. पण ज्या आघाडीच्या गड्याने वर्तुळात घुसून रक्षकाला चूक करावयास लावले आणि तो कॉर्नर मिळवून दिला, त्याचे नाव गुणपत्रकावर नसते.

या सर्वांत एक प्रश्न असा आहे, की तो केवळ खेळाचा नाही. मैदानावर येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांना हॉकी हा केवळ विरंगुळा नसतो. विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या संघातून खेळल्याचे प्रमाणपत्र हाती असेल, तर रेल्वे, पोलीस, सैन्य यांत खेळाडूंसाठी असलेल्या जागांकरिता अर्ज करता येतो. लहान गावातून आलेल्या मुलीच्या घरातील ती पहिली पगाराची नोकरी असू शकते. हे प्रमाणपत्र मिळावयाचे तर संघात निवड व्हावी लागते, आणि निवड होते ती चाचणीत. चाचणीच्या दिवशी मैदानाबाहेर बसलेल्या निवड समितीला काय दिसते? चेंडू घेऊन तिघांना चकविणारा दिसतो, गोल करणारा दिसतो. योग्य क्षणी चेंडू देऊन बाजूला झालेला दिसतोच असे नाही. म्हणून चाचणीत जो तो चेंडू स्वतःजवळ ठेवू पाहतो. ज्या गुणावर फळी उभी राहते, तोच गुण दाखविणारा मागे पडण्याचा संभव असतो. ज्याने सहा महिने ‘चेंडू दे’ असे शिकविले, त्याच शिक्षकाला आपला विद्यार्थी शिकवण पाळल्यामुळे वगळला गेल्याचे पाहावे लागावे, याहून मोठे दुःख नाही.

यावर उपाय नाही असे नाही. अनुभवी प्रशिक्षक चाचणीत एकेकट्या खेळाडूला न पाहता जोड्या आणि त्रिकूटे बदलून पाहतात. एखादा गडी ज्या ज्या बाजूला खेळला, त्या त्या बाजूचा खेळ सुधारला काय, हे ते टिपून ठेवतात. असा गडी स्वतः क्वचितच चमकतो. पण तो आत आला की इतर चौघे चमकू लागतात. त्याला ओळखणे हीच निवडकर्त्याची परीक्षा आहे. गोल मोजणे कोणालाही जमते. गोलाच्या आधीचे तीन पास मोजण्याची सवय निवड समित्यांनी आणि वृत्तपत्रांनीही लावून घेतली, तर एका पिढीचा खेळ बदलून जाईल.

ग्वाल्हेरात कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे क्रीडागार आहे. ते मूळचे हॉकीचे. पुढे त्याचे क्रिकेटचे मैदान झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तेथे सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा काढल्या, आणि रूपसिंगांचे नाव त्या निमित्ताने घरोघरी ऐकले गेले. हॉकीच्या इनसाइड लेफ्टचे नाव क्रिकेटच्या विक्रमामुळे लोकांना ठाऊक व्हावे, यात थोडा विषाद आहे खरा. परंतु ज्या माणसाने आपल्या थोरल्या भावाच्या कीर्तीच्या शेजारी उभे राहून सबंध आयुष्य चेंडू पुढे देण्याचे काम केले, त्याला त्याचे फारसे वाईट वाटले नसते.

येत्या हंगामात कोठल्याही महाविद्यालयाचा हॉकीचा सामना पाहावयास मिळाला, तर पहिली दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नये. ज्याच्याजवळ चेंडू नाही अशा एखाद्या आघाडीच्या गड्याकडे पाहावे. तो केव्हा धावतो, कोणाला ओढून नेतो, कोणासाठी जागा करतो, चेंडू मिळाल्यावर किती वेळ जवळ ठेवतो, आणि सोबत्याने गोल केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे पाहावे. त्या दहा मिनिटांत त्या महाविद्यालयाच्या फळीविषयी, आणि तिला शिकविणाऱ्या माणसाविषयीही, गुणफलकापेक्षा अधिक कळून येईल.